जिनने सरकी काढायचे काम सोपे केले, तरी अमेरिकेत गुलाम का वाढले?

प्रश्न असा आहे: एली व्हिटनीच्या जिनमुळे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रामुळे, एका माणसाचे काम पन्नास पटींनी वाढले, म्हणजे मजूर कमी लागायला हवे होते. मग अमेरिकेत गुलामीत असलेल्या माणसांची संख्या 1790 च्या सुमारे 7 लाखांवरून 1860 मध्ये 39 लाख 53 हजारांवर कशी गेली?

उत्तर कापसाच्या कामाच्या साखळीत आहे. पेरणी, विरळणी, निंदणी, वेचणी, सरकी काढणे, गठाण बांधणे या साखळीतली एकच कडी जिनने मोकळी केली. बाकीची हाताचीच राहिली. अडलेली कडी सुटताच पूर्ण ताण पुढच्या अडलेल्या कडीवर आला, आणि ती होती वेचणी. वेचणीचे यंत्र यायला पुढे दीडशे वर्षे लागली. मधल्या काळात दक्षिणेतल्या जमीनमालकांच्या हाती असा कायदा होता, ज्याने माणूस विकत घेता येत होता, गहाण टाकता येत होता आणि मारून कामाला लावता येत होता.

आधी कापसाचे पाहू, कारण सगळे तिथून सुरू होते. अमेरिकेत तेव्हा दोन जातींचा कापूस होता. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, बेटांवर पिके तो सी आयलंड कापूस. त्याची सरकी काळी, गुळगुळीत. धागा लांब आणि सरकीपासून सहज सुटणारा. त्याची सरकी काढायला दोन लाटांचा, म्हणजे रुळांचा, साधा चरखा पुरे. दोन बारीक लाटा एकमेकींवर फिरतात, रुई पलीकडे ओढली जाते, सरकी जाड असल्याने अलीकडेच गळते. हिंदुस्थानात शतकानुशतके हेच साधन चालत होते. पायाने चालवायच्या सुधारलेल्या चरख्यावर सी आयलंडची दिवसाला 25 पौंडांच्या आसपास रुई निघे. पण हा कापूस समुद्राच्या दमट हवेपलीकडे नीट येत नाही. किनारपट्टी सोडली की त्याचा विषय संपतो.

आत, डोंगराच्या पायथ्यापर्यंत, येत होता तो अपलंड कापूस. आज आपल्याकडे पेरला जाणारा बीटी कापूस याच जातीचा, म्हणजे हिरसुटम. याच्या सरकीवर हिरवट लव असते आणि धागा सरकीला घट्ट धरून असतो. लाटांच्या चरख्यात घातला की लव अडकते, सरकी लाटांमध्ये ओढली जाऊन फुटते, तिचे तेल आणि टरफलाचे कण रुईत जातात. म्हणून तो हाताने बोटांनी सोडवावा लागे, आणि एका माणसाची दिवसाची मजल साधारण 1 पौंड रुई, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. इकडे इंग्लंडमध्ये आर्कराइटची चाती 1769 पासून आणि क्रॉम्प्टनचे म्यूल 1779 पासून चालू झाले होते. सूत काढायची यंत्रे कापूस मागत होती. जमीन होती, पीक येत होते, गिऱ्हाईक होते. अडले होते ते सरकीपाशी.

व्हिटनी हा मॅसॅच्युसेट्सचा, 1765 चा जन्म, 1792 मध्ये येलमधून पदवी घेऊन शिकवणीच्या नोकरीसाठी दक्षिणेत गेलेला. जॉर्जियातल्या सव्हानाजवळ मलबेरी ग्रोव्ह हा मळा होता. मालकीण कॅथरिन ग्रीन, जनरल नथॅनिएल ग्रीनची विधवा. मळ्याचा कारभारी फिनिअस मिलर पुढे व्हिटनीचा भागीदार झाला. 1793 च्या वसंतात तिथेच नमुना तयार झाला आणि 14 मार्च 1794 रोजी पेटंट मिळाले. ब्रशची कल्पना कॅथरिन ग्रीनने सुचवली, दातांची कल्पना एका गुलाम कारागिराच्या फणीवरून आली, अशा कथा फार सांगितल्या जातात. त्या काळच्या कागदपत्रांत त्यांना आधार नाही, म्हणून त्या ठाम इतिहास म्हणून सांगू नयेत. एवढे मात्र नक्की, की असले यंत्र जिथे उभे राहिले तिथले सुतारकाम, लोहारकाम आणि कापूस हाताळणे यांतले बरेचसे काम गुलामीतलेच लोक करत होते.

यंत्राचे भाग चारच. पहिला, लाकडी दंडगोल: 6 ते 9 इंच व्यासाचा, 2 ते 5 फूट लांब, त्यावर ओळींनी ठोकलेले तारेचे वाकडे दात. दुसरा, धातूची जाळी. तिला इतक्या अरुंद फटी की दात जातील, धागा जाईल, सरकी जाणार नाही. तिसरा, दंडगोलाच्या उलट दिशेला आणि त्याहून जास्त वेगाने फिरणारा ब्रशांचा रूळ. तो दातांवरची रुई झाडून मागे फेकतो. चौथा, कापूस ओतायची पेटी. हाताने दांडा फिरवला की दात धागा पकडून फटीतून ओढतात, सरकी जाळीवर आपटून धाग्यापासून सुटते आणि खाली पडते.

यातला ब्रश हा भाग सर्वांत कमी लक्षात घेतला जातो, आणि खरे तर यंत्र चालते ते त्याच्यामुळे. दातांवर रुई साठून राहिली तर दुसऱ्या फेऱ्यात ते दात नवा धागा पकडू शकत नाहीत; दोन मिनिटांत जाळी गच्च होते. ब्रश वेगाने फिरला तरच दात कोरे होऊन परत येतात.

व्हिटनीच्या तारेच्या दातांची अडचण अशी की ते वाकतात, सैल होतात, आणि एखादा तुटून रुईत गेला तर गिरणीत नुकसान करतो. ऑगस्टाच्या हॉजेन होम्सने तारेच्या जागी पत्र्याच्या गोल करवती एका आसावर मध्ये अंतर ठेवून बसवल्या; त्याचे पेटंट 12 मे 1796 चे. करवत बोथट झाली तर कानशीने घासता येते, मोडली तर एकच चकती बदलता येते. पुढे जगभर ‘सॉ जीन’ म्हणून जे पसरले ते होम्सच्या चकत्यांचे रूप आहे. शाळेच्या पुस्तकात एकट्या व्हिटनीचे नाव येते, हा होम्सवर अन्याय आहे.

व्हिटनीने 1793 मध्ये वडिलांना लिहिले होते की एक माणूस आणि एक घोडा जुन्या साधनांवरच्या पन्नास माणसांपेक्षा जास्त काम करील. हाताच्या छोट्या जिनवर दिवसाला 50 पौंड रुई हा आकडा त्या काळापासून चालत आला आहे. पण त्याने आणि मिलरने धंदा ज्या पद्धतीने करायचा ठरवला ती पद्धत फसली, आणि ती का फसली हे कोणत्याही जिनवाल्याला लगेच कळेल. त्यांना यंत्रे विकायची नव्हती. आपल्याच जिनवर सगळ्यांचा कापूस काढून द्यायचा होता. मार्च 1794 च्या जाहिरातीत अट अशी: 5 पौंड सरकीसकट कापूस द्या, 1 पौंड साफ रुई घेऊन जा. अपलंड कापसाचा रुईचा उतारा साधारण एक तृतीयांश धरला तर 5 पौंडांतून 1.67 पौंड रुई निघते. म्हणजे जिनवाल्याकडे 0.67 पौंड, पाचातले दोन हिस्से. एवढी घट कोणता शेतकरी सोसेल? त्यातून न्यू हेवनची त्यांची कार्यशाळा 1795 मध्ये जळाली आणि पुरेशी यंत्रे वेळेवर पोहोचलीच नाहीत. यंत्र इतके सोपे की गावचा सुतार-लोहार एकदा पाहून बनवू शके. नकला सर्वत्र झाल्या. 1793 च्या पेटंट कायद्यात पळवाट होती, ती 1800 मध्ये बुजवली गेली. निर्णायक निकाल 1807 मध्ये लागला, आणि त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. साउथ कॅरोलायनाने 1801 मध्ये 50,000 डॉलरला हक्क विकत घेतले, बाकी पैसा बहुतेक खटल्यांत गेला. मक्तेदारी मोडल्यामुळेच जिन इतकी झपाट्याने पसरली.

आता हिशेब करू, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. एका सशक्त मजुराकडे साधारण 10 एकर कापूस, शिवाय खाण्यापुरता मका. एकरी 150 पौंड रुई धरली (चांगल्या काळ्या जमिनीत याहून बरीच जास्त येई) तर वर्षाची 1,500 पौंड रुई, म्हणजे 4,500 पौंड कापूस. बोटांनी दिवसाला 1 पौंड या गतीने ही रुई काढायला 1,500 दिवस, चार वर्षांहून जास्त. म्हणून जिनच्या आधी कोणी अपलंड कापूस 10 एकर पेरतच नव्हते. घरच्या कापडापुरता परसात लावत. हाताच्या जिनवर तेच काम 30 दिवसांचे झाले. पुढे खेचरांवर चालणाऱ्या 40-50 करवतींच्या जिनवर दिवसाला तीन-चार गठाणी निघू लागल्या, तेव्हा तेच काम एका दिवसावर आले.

वेचणीकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणशी दिवसाला 50 पौंड कापूस वेचला जाई असे धरले, तर 4,500 पौंडांना 90 दिवस. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, कधी जानेवारीपर्यंत. पावसाचे दिवस वजा केले की 90 दिवस म्हणजे जवळपास पूर्ण हंगाम. म्हणजे जिन आल्यावर एका माणसाने किती एकर पेरायचे हे ठरवत होती वेचणी. वीस मजुरांच्या मळ्याला एक जिन आणि हंगामात तिच्यावर तीन-चार माणसे पुरत. उरलेली सगळी शेतातच लागत. मालकाला जास्त कापूस हवा असेल तर दुसरी जिन घेऊन उपयोग नव्हता. दुसरी माणसे हवी होती.

इथेच बरेच लोक चुकतात. यंत्राने मजूर वाचतो हे त्या एका कामापुरते खरे. पण अडलेले काम सुटल्याने पिकाचे क्षेत्र शंभर पटींनी वाढले, तर बाकीच्या कामांना लागणारे हात वाचलेल्या हातांपेक्षा कितीतरी जास्त होतात. आकडे पाहा: 1790 मध्ये अमेरिकेत सुमारे 3 हजार गठाणी, 1810 मध्ये पावणेदोन लाखांच्या पुढे, 1860 च्या सुमारास 40 लाखांच्या जवळ. 1850 च्या अंदाजाप्रमाणे शेतीवर राबणाऱ्या 25 लाख गुलामांपैकी 18 लाख कापसावर होते.

वेचणीचा वेगही वाढला, आणि तो कसा वाढला यावर अभ्यासकांत तीव्र वाद आहे. अर्थइतिहासकार ऑल्मस्टेड आणि ऱ्होड यांनी मळ्यांच्या वह्यांवरून दाखवले आहे की 1801 ते 1862 या काळात माणशी वेचणी सुमारे चौपट झाली. त्यांच्या मते मुख्य कारण वाण. मेक्सिकोतून मिसिसिपीतल्या नॅचेझला 1806 मध्ये आलेले बी आणि त्यावरून तिथे निवडत नेलेले पेटिट गल्फसारखे वाण यांचे बोंड मोठे, उंच धरलेले आणि नीट उघडणारे, म्हणून बोटांत एका वेळी जास्त कापूस येई. दुसरी बाजू म्हणते की मुख्य कारण चाबूक. माझे मत असे की दोन्ही एकाच मळ्यावर, एकाच दिवशी चालू होते. वाणाने किती वेचणे शक्य आहे ती मर्यादा वाढवली आणि मारहाणीने प्रत्येकाला त्या मर्यादेपर्यंत रेटले. संध्याकाळी जिनघराशी प्रत्येकाची टोपली तोलली जाई, पाटीवर आकडा लिहिला जाई, आणि ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरले तर तिथेच फटके. सॉलोमन नॉर्थप हा स्वतंत्र नागरिक 1841 मध्ये पळवून विकला गेला आणि 1853 पर्यंत लुइझियानात गुलामीत राहिला. त्याच्या जबानीप्रमाणे तिथे दिवसाचे नेहमीचे काम 200 पौंड धरले जाई. वजनाचे हे रोजचे टिपण नसते, तर कोणाकडून किती काढता येते हे मालकाला कळलेच नसते.

वेचणीच्या आधीचे कामही हलके नव्हते. एप्रिलमध्ये सरकी दाट टोचत; मग उगवण झाली की कुदळीने विरळणी, दोन रोपांत हातभर जागा ठेवून बाकीची काढायची. पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत तण मागे लागलेले. पिकाला तणाने एकदा गाठले की बोंडे धरत नाहीत, म्हणून या महिन्यांत बायका, गरोदर बायकासुद्धा, ओळीत लावल्या जात. याच कामासाठी मिसिसिपीतला नेड नावाचा गुलाम लोहार कापसाच्या ओळी साफ करणारे एक अवजार बनवतो. त्याचा मालक ऑस्कर स्टुअर्ट पेटंट मागतो. 1858 मध्ये अमेरिकेचा अॅटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक मत देतो की गुलामाच्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही, ना त्याला, ना त्याच्या मालकाला. गुलाम नागरिक नसल्याने तो शपथ घेऊ शकत नाही, आणि मालक शोधक नाही. यामुळे जिनच्या इतिहासात सुधारणा करणाऱ्यांची जी नावे उरली ती बहुतेक गोऱ्यांची आहेत. गुलामांची नावे कागदावर येणे कायद्यानेच बंद होते.

जिनघर कसे असे तेही सांगतो, कारण धोके तिथेच होते. दुमजली लाकडी इमारत. खाली खेचरे मोठे दातेरी चाक फिरवत, पट्ट्याने वरच्या मजल्यावरची जिन चाले, रुई मागच्या खोलीत उडे. बाहेर लाकडी स्क्रूची दाबयंत्रणा. तिचे लांब हात खेचरांना जुंपून फिरवायचे आणि 400-500 पौंडांची गठाण दाबायची. ओला कापूस जिनमध्ये टाकला की दात घसरतात, पेटीतली सरकीची फिरती गुंडाळी थांबते, रुईत गाठी पडतात. फार कोरडा असेल तर धागा तुटतो. आजच्या मापाने 6 ते 8 टक्के ओलावा ठीक. तेव्हा मजूर कापूस उन्हात फळ्यांवर पसरत आणि सरकी दाताखाली कडकन फुटते का ते पाहत. करवत जास्त वेगाने फिरवली तर दिवसाचे काम वाढते, पण धागा कापला जातो. 1790 च्या दशकातच इंग्लंडच्या सूतवाल्यांनी जिनच्या रुईत गाठी आहेत अशी तक्रार केली होती, आणि लिव्हरपूलला कापलेल्या धाग्याला भाव कमी मिळे. करवत एका बाजूला सरकून रिबला, म्हणजे जाळीच्या पट्टीला, घासली की ठिणगी. खडा आला तरी ठिणगी. रुईची खोली पेटली की इमारत वाचत नसे. गच्च झालेली जिन चालू असतानाच हाताने मोकळी करायला गेल्यावर हात करवतीत ओढला जाणे हा अपघात ठरलेला. तो हात कोणाचा असे, हे वेगळे सांगायला नको.

जमीन आणि माणसे दोन्ही कुठून आली? 1803 ची लुइझियाना खरेदी. 1814 च्या फोर्ट जॅक्सनच्या तहात क्रीक या मूळ रहिवासी लोकांकडून सुमारे 2.3 कोटी एकर काढून घेतले गेले. त्यातून आजच्या अलाबामाचा मोठा भाग. 1830 च्या कायद्याने चॉक्टॉ, चिकासॉ, क्रीक, चेरोकी या मूळ रहिवासी जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलले. मिसिसिपी 1817 ला आणि अलाबामा 1819 ला राज्य झाले. जिन नसती तर या आतल्या जमिनीला कापसाचा भाव आला नसता. ही बाजू जिनच्या गोष्टीत बहुतेक वेळा वगळली जाते.

माणसे आणली गेली जुन्या राज्यांतून. 1 जानेवारी 1808 पासून आफ्रिकेतून आयात कायद्याने बंद झाली. त्याआधी 1803 ते 1807 मध्ये साउथ कॅरोलायनाने व्यापार पुन्हा उघडून सुमारे 40 हजार माणसे चार्ल्सटनला उतरवून घेतली. आयात थांबल्यावर व्हर्जिनिया, मेरीलँड इथले तंबाखूचे मालक, ज्यांची जमीन थकली होती, माणसे दक्षिण-पश्चिमेला विकू लागले. 1790 ते 1860 मध्ये सुमारे 10 लाख माणसे अशी हलवली गेली. काही मालकाबरोबर, बरीच बाजारातून. अलेक्झांड्रियाच्या फ्रँकलिन अँड आर्मफील्डसारख्या पेढ्यांनी जहाजे ठेवली, काही तांडे साखळीने बांधून पायी नॅचेझपर्यंत नेले. नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे विकली जाणे हा या व्यापाराचा नेहमीचा व्यवहार होता. दक्षिणेत एक ठोकताळा होता: कापूस पौंडाला जितके सेंट, शेतमजुराची किंमत तितके शंभर डॉलर. 1850 च्या दशकात किमती या ठोकताळ्याच्याही वर गेल्या. न्यू ऑर्लीन्सला जो माणूस 1800 च्या सुमारास 500 डॉलरला जाई त्याला 1860 मध्ये 1,500 ते 1,800 पडू लागले. त्या माणसांना गहाण टाकून पुढच्या हंगामाची उचल मिळे, आणि त्या उचलीतून आणखी माणसे. मिसिसिपीत 1860 मध्ये 7 लाख 91 हजार लोकसंख्येपैकी 4 लाख 36 हजार गुलाम होते, निम्म्याहून जास्त. 1860 पर्यंत अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त किंमत कापसाची होती, म्हणून न्यूयॉर्कचे जहाजवाले, विमावाले, दलालही या व्यवस्थेत बांधलेले होते. सिनेटर हॅमंडने मार्च 1858 मध्ये ‘कापूस राजा आहे’ असे सिनेटमध्ये म्हटले ते याच बळावर.

मग गुलामगिरीचा दोष व्हिटनीच्या यंत्रावर टाकायचा का? तसे म्हणणे सोयीचे आहे, पण बरोबर नाही. ‘जिन नसती तर गुलामगिरी आपोआप संपत आली होती’ हे विधान तपासून घ्यावे. पेनसिल्व्हेनियात 1780, न्यूयॉर्कमध्ये 1799, न्यू जर्सीत 1804 असे हळूहळू मुक्ततेचे कायदे झाले हे खरे. पण दक्षिणेत भात, तंबाखू, लुइझियानाचा ऊस चालूच होता, आणि ब्राझील, क्युबा इथे जिनशिवायही गुलामगिरी फोफावली. पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा केंद्रीय कायदा फेब्रुवारी 1793 चा, व्हिटनीच्या नमुन्याच्या आधीचा. उलट बाजूचा पुरावा तर आणखी ठळक आहे. 1865 मध्ये गुलामगिरी घटनेने बंद झाली. जिन तीच, करवती त्याच. 1879 च्या हंगामात 57 लाख गठाणी झाल्या, 1860 पेक्षा जास्त, आणि त्या स्वतंत्र मजुरांनी, बटाईदारांनी आणि छोट्या शेतकऱ्यांनी काढल्या. म्हणजे यंत्राला गुलाम लागत नव्हते. नफ्यातला मजुराचा हिस्सा त्याला न देता सगळा घेण्यासाठी मालकांना गुलाम लागत होते. हे ठरवून केलेले होते, आणि त्याची जबाबदारी माणसांवरच राहते. बटाईतही ती वृत्ती गेली नाही: जिन बहुतेक वेळा जमीनदाराची किंवा उधारी देणाऱ्या दुकानदाराची, वजन त्याचे, वही त्याची, आणि हंगामाअखेर काळ्या कुटुंबाच्या नावावर पुन्हा देणेच निघे.

या इतिहासाचा आपल्याकडचा धागाही थेट आहे. ब्रिटिशांनी 1840 मध्ये अमेरिकन मळेवाल्यांना इथे आणून अमेरिकन बी आणि सॉ जीन रुजवायचा प्रयत्न केला. बहुतेक ठिकाणी तो फसला, धारवाडकडे टिकला. ‘धारवाड सॉ-जिन्ड’ ही बाजारात वेगळी प्रतच होती. आपल्या देशी आखूड कापसाला करवत मानवत नाही: धागा आधीच आखूड, त्यात तो कापला गेला तर सूतच धरत नाही. पुढे 1861 ते 1865 च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेची बंदरे बंद पडली, लिव्हरपूलला कापूस पौंडाला सुमारे 7 पेन्सवरून 27 पेन्सपर्यंत चढला, आणि वऱ्हाड, खानदेशाचा कापूस मुंबईमार्गे तिकडे धावू लागला. भाव इतका की खडे, सरकी आणि पाणी मिसळणे सर्रास झाले, आणि 1863 मध्ये मुंबईत कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. युद्ध संपताच भाव कोसळला आणि 1865 मध्ये मुंबईचा शेअरबाजार बुडाला.

आज विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगमध्ये जे डबल रोलर यंत्र चालते ते व्हिटनीच्या वंशातले नाही. अलाबामाच्या फोन्स मॅकार्थीने 1840 मध्ये लांब धाग्यासाठी पेटंट घेतलेल्या रोलर जिनच्या तत्त्वावर ते आहे: चामड्यासारखा खरखरीत रोलर धागा ओढतो, स्थिर सुरी सरकी अडवते, हलती सुरी तिला ठोकून सोडवते. काम सॉ जीनपेक्षा सावकाश, पण धागा शाबूत राहतो. रोलरचा दाब कमी झाला की सरकीवर रुई राहते, जास्त झाला की रोलर तापतो आणि रुई करपते. हे ज्याने जिन चालवली त्याला सांगावे लागत नाही.

वेचणीची कडी सुटली ती 2 ऑक्टोबर 1944 च्या सुमारास, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या चात्यांच्या यंत्राने. हाताने तासाला 20 पौंड, यंत्राने 1,000 पौंड. गठाणीमागे खर्च हाताने 39 डॉलर 41 सेंट, यंत्राने 5 डॉलर 26 सेंट. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बटाईची घरे रिकामी झाली आणि आधीच शिकागो, डेट्रॉइटकडे चाललेली काळी कुटुंबे आणखी वेगाने उत्तरेला गेली. जिनलाही बदलावे लागले: यंत्राने वेचलेल्या कापसात पाने, काड्या, बोंडांची टरफले आणि दव येते, म्हणून सरकी काढण्याआधी वाळवण्याचे टॉवर आणि काडीकचरा झटकणारी यंत्रे, आणि नंतर रुई साफ करणारी यंत्रे बसवणे भाग पडले. अमेरिकेतल्या आजच्या जिनमध्ये मूळ करवतींचा भाग त्या रांगेतला छोटा टप्पा आहे. जागा, वीज आणि देखभाल जाते ती बहुतांशी या बाकीच्या यंत्रांवर.